टाकी टॉल का हाय? उंच इमारतींच्या इंग्रजीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून ठेवलं होतं, की मुंबईला पहिल्यांदा गेलेला माणूस उंच इमारत पाहून इंग्रजीत काय म्हणेल ते तुम्ही लिहून पाठवा. वाटलं चारदोन जणं पाठवतील. पण पत्रं काय, व्हॉट्सॲप काय, कोणी वहीच्या पानाचा फोटो काढून तर कोणी बोलून रेकॉर्ड करून, इतकं आलं की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. वाचता वाचता लक्षात आलं ते हे, की आपल्या लोकांचं अवघड शब्दांवर अडत नाही, अडतं ते साध्या शब्दांवर, टॉल, हाय, फ्लोअर, स्टोरी असल्या, जे पाचवीपासून ऐकून राहिलो पण कोणी कधी उलगडून सांगितले नाही. म्हणून तिथूनच सुरू करते.

दर्यापूर तालुक्यातली दहावीची एक विद्यार्थिनी विचारते: मॅडम, सहामाहीच्या पेपरात मी "देअर इज अ हाय बिल्डिंग निअर द बस स्टँड" असं लिहिलं होतं. सरांनी हायवर लाल गोल मारला आणि वर टॉल लिहिलं. मी विचारलं काऊन, तर म्हणाले असंच असते. पण पुस्तकात हाय-राइज बिल्डिंग असा शब्द आहे, मग तिथे हाय कसं चालते? आपल्या मराठीत तर दोन्ही उंचच आहे.

बेटा, तुझा प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवतो. मराठीत माणूस उंच, झाड उंच, डोंगर उंच, आवाज उंच, पतंगही उंच गेला. आपला एकच शब्द सगळीकडे पुरतो म्हणून इंग्रजीत गेलं की आपण जो शब्द आधी आठवला तो टाकतो.

आता तू एक कर, गावातल्या पाण्याच्या टाकीकडे जाऊन उभी रहा. चार-सहा खांबांवर उभी असलेली आपली नेहमीची टाकी. तिच्याकडे पाहून दोन वाक्यं म्हणता येतात आणि दोन्ही खरी आहेत. वरचं जे गोल भांडं आहे, ज्यात पाणी असते, ते काही फार उभट नाही, बसकंच आहे, पण ते जमिनीपासून लांब वर आहे, म्हणून ते हाय आहे. आणि खांबांसकट सगळं बांधकाम बुडापासून शेंड्यापर्यंत पाहिलं तर ते टॉल आहे. म्हणजे टॉल सांगते वस्तू स्वतः बुडापासून किती वर गेली, आणि हाय सांगते वस्तू किंवा तिची वरची कड जमिनीपासून किती वर आहे. टॉल म्हणताना डोळ्यासमोर उभट, रुंदीपेक्षा लांबी जास्त असलेली वस्तू येते, म्हणून टॉल मॅन, टॉल ट्री, टॉल पोल, टॉल चिमनी. बांधावरची तूर डोक्याच्या वर गेली तर ती टॉल. पण फळीवर ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीपर्यंत हात पुरत नाही म्हणून तू म्हणशील द शेल्फ इज टू हाय, तिथे टॉल म्हटलं तर फळीच उभी झाली असं वाटेल. छत हाय, खिडकी हाय, ढग हाय. डोंगर आणि लांबलचक भिंतही हायच, कारण ते पसरलेले असतात, उभट नसतात.

याहून सोपं समजायचं असेल तर चिखलदरा डोळ्यासमोर आण. चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. दुबईतली बुर्ज खलिफा ही जगातली सगळ्यात टॉल बिल्डिंग, 828 मीटर, पण ती उभी आहे समुद्राच्या काठाला. म्हणजे चिखलदऱ्याच्या रस्त्याकडेला उगवलेलं गुडघाभर झुडूप बुर्ज खलिफाच्या टोकापेक्षा हायर आहे, आणि तरी टॉलर कोण तर बुर्ज खलिफाच. हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चुकत नाही, मी वर्गात असंच सांगते आणि पोरं घरी जाऊन दुसऱ्यांना विचारत बसतात.

आता हाय-राइज. तिथे शब्द इमारत किती वर राइज झाली, किती वर चढली ते सांगतो, म्हणून हाय. हाय-राइज, मिड-राइज, लो-राइज असे ते तीन भाऊ आहेत. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला हाय-राइज धरतात, म्हणजे साधारण पाच मजल्यांच्या आसपासच ती हद्द येते, त्यासाठी मुंबईच लागते असं नाही. सरांनी केलेली दुरुस्ती बरोबरच होती, हाय बिल्डिंग अगदीच गुन्हा नाही पण कानाला खटकतं. आणि अजून एक लक्षात ठेव, मापाचं वाक्य करताना "इट इज 828 मीटर्स टॉल" मध्ये मीटर्स येते पण इमारतीच्या आधी लावलं की "अॅन 828-मीटर-टॉल बिल्डिंग", तिथे मीटर एकवचनी. आणि आधी ॲन, कारण एट स्वरानं सुरू होते. पेपरात याचा अर्धा मार्क हमखास जातो.

पुसदकडचा एक जण, सध्या पुण्यात एका साइटवर सुपरवायझर: मॅडम, आमच्या साइटवर अमेरिकेतल्या एका कन्सल्टंटसोबत व्हिडिओ कॉल असते. त्यांनी थर्ड फ्लोअरच्या खिडक्यांची मापं मागितली, मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन टेप लावून मापं घेतली आणि पाठवली. नंतर कळलं त्यांना दुसऱ्या मजल्याची पाहिजे होती. सगळ्यांसमोर बोलणी मी खाल्ली. मापं तर बरोबर होती मॅडम. माझं चुकलं कुठे? आणि साइटवरचे बाकीचे शब्दही जरा सांगा, बोलतो सगळे पण लिहायची वेळ आली की हात थांबते.

भाऊ, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही मजला बरोबर मोजला आणि त्यांनीही बरोबर मोजला, फक्त मोजायची सुरुवात वेगळी. आपण इंग्रजांकडून घेतलं, खालचा तो ग्राउंड फ्लोअर, त्याच्या वरचा फर्स्ट. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जमिनीवरचा मजलाच फर्स्ट फ्लोअर. म्हणून त्यांचा थर्ड तो आपला सेकंड. अशा कॉलवर मापं घ्यायच्या आधी एक वाक्य विचारून घ्यायचं, "आर यू काउंटिंग द ग्राउंड फ्लोअर ॲज द फर्स्ट?" यात कमीपणा काही नाही, मोठमोठे इंजिनिअर विचारतात, आणि ज्यांनी तुम्हाला बोललं त्यांनी खरं तर हे आधी सांगायला पाहिजे होतं.

याच्याच पोटात दुसरा घोळ आहे, फ्लोअर आणि स्टोरीचा. फ्लोअर हा पत्ता आहे, स्टोरी हा हिशोब आहे. मी कितव्या मजल्यावर राहतो हे फ्लोअरनं सांगायचं, आणि इमारत किती मजली आहे हे स्टोरीनं. आपल्याकडे गावात खाली घर आणि वर माडी असली की आपण दुमजली म्हणतो ना, पण माडीवर राहणारा माणूस पहिल्या मजल्यावर राहतो. अगदी तसंच. म्हणून साइटवर ज्याला "जी प्लस सेव्हन" म्हणतात, म्हणजे ग्राउंड आणि वर सात मजले, ती एट-स्टोरी बिल्डिंग झाली, सेव्हन-स्टोरी नाही. स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीनं एस टी ओ आर ई वाय, अनेकवचन केलं तर पुढे फक्त एस. अमेरिकन लोक मधला ई टाकत नाहीत, त्यांची इमारतीची स्टोरी आणि गोष्टीची स्टोरी लिहायला सारखीच, त्यामुळे त्यांचा मेल वाचताना दचकायचं नाही. आणि एट-स्टोरीज बिल्डिंग असं लिहू नका, जसं फाइव्ह-रुपी कॉइन, फाइव्ह-रुपीज कॉइन नाही.

आता साइटचे शब्द. स्टिल्ट म्हणजे ज्या खांबांवर इमारत उचलून धरली आणि खाली गाड्या लावायला जागा सोडली ते. पोडियम म्हणजे टॉवरच्या पायथ्याचा रुंद, बसका भाग, ज्याच्यावर बाग, पोरांची खेळायची जागा करतात. शाफ्ट म्हणजे वरून खालपर्यंत जाणारी उभी पोकळी, लिफ्टची असो का पाइपांची. रेफ्युज एरिया म्हणजे आग लागली तर लोकांनी येऊन थांबायची मोकळी जागा, ती उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर ठेवावीच लागते, आणि तिथे सामान रचून ठेवलेलं दिसलं तर तुम्ही सुपरवायझर म्हणून बोलाच. पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा. गच्चीला आपण टेरेस म्हणतो पण परदेशी माणसाशी बोलताना रूफ किंवा रूफटॉप म्हणा, कारण इंग्लंडमध्ये टेरेस म्हटलं की एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग डोळ्यासमोर येते.

कोअर म्हणजे मधला गाभा, लिफ्ट, जिने, जाड काँक्रीटच्या भिंती सगळं तिथेच. बुर्ज खलिफा वरून पाहिली तर तीन पाकळ्यांची दिसते, मधे सहा बाजूंचा कोअर आणि तिन्ही पाकळ्या त्याला टेकू देतात, म्हणून त्या रचनेचं नाव बटरेस्ड कोअर. बटरेस म्हणजे टेकूच, पावसाळ्यात फुगलेल्या भिंतीला आपण बाहेरून लावतो तो.

आणि एक शब्द फार जपून. आपण साइटवर म्हणतो "काल सातवा स्लॅब पडला", आणि त्याचे पेढेही वाटतो. पण हेच इंग्रजीत "द सेव्हन्थ स्लॅब फेल यस्टर्डे" असं मेलमध्ये गेलं तर समोरचा घाबरून फोन करेल किती माणसं जखमी झाली म्हणून. तिथे "वॉज कास्ट" किंवा "वॉज पोअर्ड" लिहायचं. हे मी तुमच्यासारख्याच एका पोराच्या मेलमध्ये पाठवायच्या आधी पाहिलं होतं, तो मेल अजून माझ्या लक्षात आहे.

आरमोरीजवळच्या एक अंगणवाडीताई: माझ्या मुलीला शाळेत जगातल्या उंच इमारतींचा प्रोजेक्ट दिला आहे. मोबाईलवर पाहिलं तर एकाच इमारतीची दोन-दोन, तीन-तीन उंची दिसते. एम्पायर स्टेट कुठे 381 मीटर तर कुठे 443. कोणती खरी समजायची? आणि स्पायर, अँटेना, टिप असे शब्द येतात, ते काय?

ताई, दोन्ही आकडे खरे आहेत. 381 मीटर हे छपरापर्यंत, 443 हे वरच्या अँटेनासकट. आणि यावर जगात मोठे वाद झालेले आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगते, मुलीच्या प्रोजेक्टमध्ये हेच घातलं तर नुसत्या आकड्यांपेक्षा चांगलं होईल.

स्पायर म्हणजे इमारतीच्या डिझाइनचाच भाग असलेला निमुळता शेंडा, जसा देवळाचा कळस, तो काढला तर देऊळ भुंडं दिसेल. अँटेना म्हणजे नंतर बसवलेलं यंत्र, सिग्नलसाठी, आज आहे उद्या बदलेल. काउन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट या नावानं ओळखली गेलेली संस्था आहे, ती इमारतींची अधिकृत उंची ठरवते, तिच्या नियमात स्पायर धरतात, अँटेना धरत नाहीत. यामुळेच झालं काय, की मलेशियातले पेट्रोनास टॉवर्स 452 मीटर ठरले आणि शिकागोचा सिअर्स टॉवर, ज्याला आता विलिस टॉवर म्हणतात, तो 442 मीटरवर राहिला, जरी त्याचं छप्पर पेट्रोनासच्या छपरापेक्षा वर होतं आणि अँटेना तर अजूनच वर. शिकागोच्या लोकांना ते पटलं नव्हतं. त्यानंतर मग छपरापर्यंत किती, माणूस वावरतो त्या मजल्यापर्यंत किती, टोकापर्यंत किती असे वेगवेगळे हिशोब सुरू झाले, टिप म्हणजे ते अगदी शेवटचं टोक.

स्पायरची अजून एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. न्यूयॉर्कमध्ये 1929 साली क्रायस्लर बिल्डिंग आणि वॉल स्ट्रीटवरची एक इमारत यांच्यात चढाओढ चालू होती. क्रायस्लरवाल्यांनी आपला लोखंडी स्पायर इमारतीच्या आतच गुपचूप जोडून ठेवला आणि ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी दीड तासाच्या आसपास वेळात वर काढून बसवला, समोरच्याची उंची आधीच ठरून गेलेली होती, त्याला काही करता आलं नाही.

बुर्ज खलिफाचंही असं आहे की 828 पैकी वरचे साधारण 244 मीटर कोणी राहायला नाही, नुसता शेंडा. अशा रिकाम्या उंचीला त्या संस्थेनंच शब्द काढला, व्हॅनिटी हाइट. व्हॅनिटी म्हणजे दिखाऊपणा, मिरवणं. शब्द पक्का बसला. आणि वर्गवारी लिहायची असेल तर 300 मीटरच्या वर सुपरटॉल, 600 मीटरच्या वर मेगाटॉल. शांघाय टॉवर 632 मीटर, म्हणजे मेगाटॉल. एम्पायर स्टेट सुपरटॉल.

आपल्या देशातलं उदाहरण पाहिजे असेल तर गुजरातमधला स्टॅच्यू ऑफ युनिटी घ्या, पुतळा 182 मीटर, खालचा चौथरा धरला तर 240. तिथे वाक्यच नीट लिहायचं, "द स्टॅच्यू इटसेल्फ इज 182 मीटर्स टॉल".

आर्वीहून एक मराठीचे शिक्षक: गगनचुंबी हा शब्द स्कायस्क्रेपरचं भाषांतर आहे का?

सर, अर्थ एकमेकांना लागतात पण चित्र वेगळं आहे. आपला शब्द आभाळाचं चुंबन घेतो, त्यांचा आभाळाला खरवडतो, जसं करपलेल्या पातेल्याचं बूड आपण चमच्यानं खरवडतो, स्क्रेप म्हणजे तेच. आणि इंग्रजीत हा शब्द इमारतींच्या कितीतरी आधीचा आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी शिडाच्या जहाजांवर सगळ्यात वर, डोलकाठीच्या शेंड्याला जे छोटं तिकोनी शीड लावत त्याला स्कायस्क्रेपर म्हणत. पुढे उंच घोड्याला म्हटलं, उंच टोपीला म्हटलं, लांब तंगड्यांच्या माणसाला म्हटलं. इमारतींना तो चिकटला 1880 नंतर, शिकागो-न्यूयॉर्ककडे लोखंडी सांगाड्याच्या इमारती उभ्या व्हायला लागल्यावर. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, 1885 ची, पहिली स्कायस्क्रेपर म्हणून सांगतात, ती होती फक्त दहा मजली, 42 मीटर. आज आपण तिला साधी बिल्डिंग म्हणू.

तुमच्या वर्गात हे सांगायला फार छान आहे सर, पोरांना म्हणा शब्द समुद्रावरून गावात आला.

वरुडकडचे एक संत्रा बागायतदार, वय 71: बाई, मी जुना मॅट्रिक. पोरगा ठाण्याले एकतीसाव्या मजल्यावर राह्यते, मी पंधरा दिवस राहून आलो. नातू इंग्रजी शाळेत हाय, तो म्हंते आबा तुम्ही काय पाह्यलं ते मले इंग्रजीत लिहून द्या. मी लिहिलं "द बिल्डिंग इज व्हेरी व्हेरी टॉल", पुढं काही सुचत नाही. मले हे सांगाचं हाय का खाली उभा राहून वर पाह्यलं त टोपी पडली, ती बिल्डिंग अंगावर आल्यावानी वाटली, अन् खिडकीतून खाली खाडी दिसे अन् माणसं मुंग्यावानी. रात्री वारा सुटला त मले बिल्डिंग हालल्यावानी वाटली, पोरगा म्हने तुमचा भास हाय.

आबाजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही जे मराठीत सांगितलं त्यातच सगळं वर्णन आहे, व्हेरी व्हेरी टॉलची गरजच नाही. इंग्रजीतही उंच इमारतीचं वर्णन विशेषणांनी होत नाही, क्रियापदांनी होते, इमारत काय करते ते सांगायचं. एकेक घेऊ.

टोपी पडली, यासाठी इंग्रजीत टोपी नाही, मान आहे. "आय हॅड टु क्रेन माय नेक टु सी द टॉप." क्रेन म्हणजे मान लांबवणं, आणि हा शब्द पक्ष्यावरून आला, सारस पक्ष्याच्या जातीला इंग्रजीत क्रेन म्हणतात. आपल्या गोंदियाकडे धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी फिरते, धानाच्या वर मान काढून पाहते, ज्यानं ती पाहिली त्याला हा शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही. बांधकामावरच्या उंच यंत्रालाही क्रेन नाव पडलं ते त्याच मानेवरून. नातवाला हे सांगा, त्याच्या खिडकीतूनही एखादी टॉवर क्रेन दिसतच असेल.

अंगावर आल्यासारखी वाटली, याला अगदी नेमका शब्द आहे, लूम. "द बिल्डिंग लूम्ड ओव्हर मी." लूममध्ये थोडी भीती आहे, जसं दुपारी अचानक आभाळ काळं होऊन वावरावर येते आणि आपण गंजी झाकायला पळतो, ते येणं. भीती नसेल, नुसतं कौतुक असेल तर सोअर, "द टॉवर सोअर्स इनटु द स्काय", घार तरंगते त्यालाही सोअर म्हणतात, भाव एकदम चढले त्यालाही. आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उंच असली तर टॉवर ओव्हर, "इट टॉवर्स ओव्हर द ओल्ड हाउसेस". आणि तिच्यापुढे बाकीचं बुटकं दिसायला लागलं तर ड्वॉर्फ, "इट ड्वॉर्फ्स द टेम्पल निअर द गेट". ठाण्यात हे फार दिसते, जुनं कौलारू देऊळ आणि मागे चाळीस मजले, तिथे ड्वॉर्फच शब्द मनात येते आणि मनाला लागतेही.

खिडकीतून खाडी दिसे, इथे ओव्हरलुक. "द विंडो ओव्हरलुक्स द क्रीक." पण जपा आबाजी, ओव्हरलुकचा कर्ता खिडकी, बाल्कनी, घर असू द्या. तुम्ही "आय ओव्हरलुक्ड द क्रीक" लिहिलं तर अर्थ होते माझं खाडीकडे लक्षच गेलं नाही. माणसं मुंग्यांवानी, हे जसंच्या तसं चालते, "पीपल लुक्ड लाइक ॲन्ट्स", इंग्रज माणूसही असंच म्हणतो.

आणि इमारत हलली तो भास नव्हता हे पोराला सांगा. उंच इमारती वाऱ्यात किंचित झुलतात, झुलायलाच पाहिजेत, एकदम ताठ राहिल्या तर जोर सगळा सांध्यांवर येईल. शब्द स्वे, फांदी झुलते तोच. "द बिल्डिंग स्वेड स्लाइटली इन द विंड." तैवानमध्ये तायपेई 101 नावाची 508 मीटरची इमारत आहे, तिथे वादळं फार, म्हणून वरच्या मजल्यांमध्ये 660 टनांचा पोलादी गोळा लटकवून ठेवलाय, इमारत एका बाजूला गेली की गोळा उलटा ओढतो आणि झुलणं कमी होते. लोक तिकीट काढून तो गोळा पाहायला जातात.

तुमची पाच वाक्यं झाली. ती याच क्रमानं लिहा, खालून वर पाहिलं, मग वरून खाली पाहिलं, मग रात्र. व्हेरी एकदाही येऊ देऊ नका.

बुलढाण्याहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक जण: फसाड का फकेड? आणि काचेची भिंत म्हणजे ग्लास वॉलच ना?

उच्चार फसाड, शब्द फ्रेंच आहे, म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू. ग्लास वॉल चालते पण टॉवरला बाहेरून जी काच लावलेली असते ती भार घेत नाही, पडद्यासारखी सांगाड्यावर टांगलेली असते, म्हणून तिला कर्टन वॉल म्हणतात. परीक्षेत मल्टि-स्टोरीड आलं तर घाबरू नका, बहुमजली, बस.

यवतमाळ जिल्ह्यातून एक पालक: मुलाला निबंधासाठी उंच इमारतीची वीस विशेषणं पाठवा.

वीस नाही पाठवत भाऊ, राग मानू नका. चार देते, ती वेगवेगळी आहेत म्हणून. टॉवरिंग, आजूबाजूच्यांपेक्षा खूप उंच. स्लेंडर, उंच पण सडपातळ. इम्पोझिंग, जिच्यासमोर उभं राहिलं की आपोआप आदर वाटतो, ती फार उंच नसली तरी चालते, जुनं कोर्ट किंवा वाडाही इम्पोझिंग असू शकते. आणि स्क्वॅट, म्हणजे उलटं, बसकी. लॉफ्टी हा शब्द पुस्तकात भेटेल, पण बोलण्यात आता कोणी वापरत नाही, छतासाठी किंवा विचारांसाठी ठेवा. मुलाला म्हणा कोणती इमारत ते आधी ठरव, विशेषण नंतर निवड, वीसच्या वीस एका इमारतीला लागतच नाहीत.

चंद्रपूरजवळच्या गावातला सातवीतला एक विद्यार्थी: मॅडम आमच्या घरून थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, मोठ्या मोठ्या चिमण्या दिसतात. काही बारीक आहेत आणि काही जाड्या, मधे कमरेसारख्या दबलेल्या. आमच्या गावात इमारत उंच नाहीच, म्हणून मी त्यांच्यावर निबंध लिहू का? जाड्यांना पण चिमनीच म्हणायचं?

नक्की लिही बाळा, आणि तू जे पाहिलंस ना कमरेसारखं दबलेलं, ते फार छान पाहिलंस. बारीक आणि उंच ती चिमनी, तिच्यातून धूर जातो. तिला स्टॅकही म्हणतात. जाड्या, मधे दबलेल्या त्या चिमण्या नाहीत, त्या कूलिंग टॉवर्स आहेत, आतून पोकळ, तिथे गरम पाणी थंड करतात, आणि वरून जे पांढरं पांढरं निघते तो धूर नाही, पाण्याची वाफ थंड होऊन झालेले थेंब आहेत, ढगासारखे. थंडीच्या सकाळी ते जास्त दिसते, बघ तू. त्या आकाराला हायपरबोलॉइड म्हणतात, पण तुला एवढा मोठा शब्द आता नको, तू लिही "नॅरो ॲट द वेस्ट", वेस्ट म्हणजे कंबर, इंग्रजीतही तोच शब्द चालते.

चिमनीसाठी टेपर हे क्रियापद घे, म्हणजे वर जाताना निमुळतं होत जाणं. "द चिमनी टेपर्स टुवर्ड्स द टॉप." दिल्लीचा कुतुबमिनार असाच आहे, साधारण 73 मीटर उंच, खाली 14 मीटरपेक्षा रुंद आणि शेंड्याला तीन मीटरही नाही. आणि तुझ्या घरापासून थर्मलपर्यंत मधे काही उंच नाही, वावरंच आहेत, तर पहिलं वाक्य असं कर, "फ्रॉम अवर डोअर, यू कॅन सी द चिमनीज राइझिंग अबव्ह द फील्ड्स." वही लिहून झाली की फोटो पाठव, पुढच्या अंकात छापते.